१३० मिमी न्यूटोनियनमधून (ही आरशांची दुर्बीण, म्हणजे रिफ्लेक्टर) शनी धूसर दिसतो. ४ मिमीची आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) घेऊ, की दुर्बीण विकून रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) घेऊ?

दोन्ही नको.

तुम्ही लिहिलंय की दुर्बीण १३० मिमीची, नाभीय अंतर ६५० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीच्या आयपीस, घेतल्यापासून कॉलिमेशनला, म्हणजे आरशांच्या जुळवणीला, हात लावलेला नाही, 'कारण ते तज्ज्ञांचं काम आहे असं सांगितलं.' तुमच्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या वाक्यातच आहे.

आधी पॉवरचा हिशोब. ६५० भागिले १०, म्हणजे ६५ पट. शनीची कडी टोकापासून टोकापर्यंत साधारण ४० ते ४५ विकला भरतात (एका अंशात ३६०० विकला). ६५ पटींत ती आकाशातल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळजवळ दीडपट रुंद दिसतात. म्हणजे तक्रार आकाराची नाहीच, धारेची आहे. ६५ पटींत जो ग्रह पिठाच्या गोळ्यासारखा दिसतो, तो ४ मिमीच्या आयपीसमधून १६२ पट मोठा आणि आणखी अंधुक पिठाचा गोळा दिसेल. आयपीस फक्त फोकसला तयार झालेली प्रतिमा मोठी करते. ती प्रतिमाच बिघडलेली असेल तर बिघाड मोठा दिसतो, बस्स.

'रिफ्लेक्टर म्हणजे कटकट, सारखं जुळवत बसा' असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे. हे लोक वर्षानुवर्षं न जुळवलेल्या न्यूटोनियनमधून बघतात आणि मग न्यूटोनियनला नावं ठेवतात. त्यात तुमची एफ/५ (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास, ६५० भागिले १३०) या बाबतीत जास्तच नाजूक. न्यूटोनियनच्या दृष्टिक्षेत्रात ज्या भागात प्रतिमा खरोखर तीक्ष्ण असते तो भाग एफ-गुणोत्तराच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. एफ/८ मध्ये तो एफ/५ च्या चौपट रुंद असतो. तुमच्या दुर्बिणीत फोकसच्या पातळीवर तो जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा आहे. दोन आरसे, नळीच्या बुडाचा मुख्य आणि तोंडाजवळचा छोटा दुय्यम, थोडे तिरके झाले की तो भाग मध्यातून सरकतो, आणि तुम्ही शनी मध्यभागी आणून नेमका धूसर भागात ठेवता.

आता जुळवणी. लागतं काय, तर दुर्बिणीच्या स्क्रूंना बसणारी ॲलन की किंवा स्क्रूड्रायव्हर, रंगीत कागदाचे दोन तुकडे आणि मध्यभागी २ मिमी भोक पाडलेलं फोकसरचं (आयपीस बसते त्या नळीचं) झाकण. जुन्या ३५ मिमी फिल्मची डबी सापडली तर सोन्याहून पिवळं, ती सव्वा इंची फोकसरमध्ये चपखल बसते. तळाच्या बरोबर मध्यावर भोक पाडायचं आणि डबीचं झाकण टाकून द्यायचं. डबी काळी असेल तर तळाला आतून पांढरा कागद चिकटवा, नाहीतर शेवटच्या पायरीत प्रतिबिंब दिसत नाही. लेझर आत्ता घेऊ नका, का ते पुढे येईल.

मुख्य आरशाच्या मध्यावर छोटी गोल खूण आहे का बघा. नसेल तर आरसा चौकटीसह काढा, आरशाच्या व्यासाइतका कागद गोल कापून दोनदा घडी घाला, टोकाला बारीक भोक पाडा, कागद आरशावर ठेवा आणि भोकातून मार्करचा ठिपका द्या. त्याभोवती फाइलच्या कागदाला लावतात ती चिकट गोल रिंग चिकटवायची. आरसा खराब होईल ही भीती सोडा. तो मधला भाग दुय्यम आरशाच्या सावलीतच असतो, तिथे कामाचा प्रकाश पडतच नाही.

नळी आडवी ठेवून काम करा. ॲलन की सुटली किंवा दुय्यम आरसा निखळला तर तो नळीच्या भिंतीवर पडेल, मुख्य आरशावर नाही.

पहिली पायरी, दुय्यम आरसा फोकसरखाली आणणे. एक रंगीत कागद फोकसरच्या समोरच्या भिंतीवर लावा आणि दुसरा दोन आरशांच्या मध्ये उभा धरा, म्हणजे मुख्य आरशाचं प्रतिबिंब झाकलं जाईल. आता भोकातून बघितलं की फक्त दुय्यम आरशाची कड दिसते. ती गोल दिसली पाहिजे आणि फोकसरच्या नळीच्या मध्यात. पुढे-मागे असेल तर मधला मोठा स्क्रू. लंबगोल दिसत असेल तर धारक हलकेच फिरवा. हे एकदा नीट केलं की सहसा पुन्हा करावं लागत नाही.

दुसरी पायरी, दुय्यम आरशाचा कल. कागद काढा. मधल्या स्क्रूभोवतीचे तीन छोटे स्क्रू थोडे-थोडे फिरवून मुख्य आरसा पूर्ण दिसेल असं करा. मुख्य आरशाच्या कडेच्या तिन्ही क्लिपा सारख्या दिसल्या पाहिजेत. एक स्क्रू आवळण्याआधी दुसरा सैल करायचा. सगळे एकदम आवळत गेलात तर काहीच हलणार नाही आणि आटे मात्र खराब होतील.

तिसरी पायरी, मुख्य आरशाचा कल. नळीच्या बुडाला तीन स्प्रिंगचे स्क्रू असतात आणि बहुतेक दुर्बिणींना सोबत तीन लॉक-स्क्रू. लॉक सैल करा आणि स्प्रिंगचे स्क्रू फिरवून तुमच्या भोकाचं प्रतिबिंब, म्हणजे तो काळा ठिपका, रिंगच्या मध्यात आणा. मग लॉक नुसते टेकवा, पिळू नका. टेकवतानाही आरसा किंचित सरकतो, म्हणून पुन्हा बघा. ही तिसरी पायरी दर वेळी दुर्बीण बाहेर काढली की करायची, सवय झाल्यावर दोन मिनिटंही लागत नाहीत. 'सारखं जुळवत बसा' म्हणतात ते एवढंच.

आता ज्या ठिकाणी सगळे फसतात ते. हे सगळं अचूक झाल्यावर भोकातून बघितलं की दुय्यम आरशाची काळी सावली मुख्य आरशाच्या प्रतिबिंबात मध्यात दिसत नाही, मुख्य आरशाच्या बाजूला सरकलेली दिसते. एफ/५ मध्ये ती तशीच दिसायला हवी. प्रकाशाचा शंकू ४५ अंशांत कापला की छेदाचं केंद्र शंकूच्या अक्षावर राहत नाही, दोन-एक मिलिमीटर बाजूला जातं, त्याचा हा परिणाम. लोक ही सावली 'दुरुस्त' करायला जातात, झालेली जुळवणी बिघडवतात आणि मग म्हणतात रिफ्लेक्टर जुळतच नाही. सावलीकडे दुर्लक्ष करा. ठिपका रिंगच्या मध्यात आहे ना? मग झालं.

खात्री ताऱ्यावर करायची. ध्रुवतारा उत्तम, तो दृष्टिक्षेत्रातून पळत नाही. १० मिमी आयपीस लावा, जमलं तर २x बार्लोसह (पॉवर दुप्पट करणारं भिंग), तारा मध्यात आणा आणि फोकस थोडा बाहेर घ्या. प्रकाशाची चकती, तिच्यात बारीक कडी आणि मध्ये दुय्यम आरशाची काळी सावली दिसेल. कडी एककेंद्री असतील तर जुळलंय. एका बाजूला दाटलेली असतील तर तारा दृष्टिक्षेत्रात इकडेतिकडे नेऊन बघा की नेमक्या कुठल्या जागी कडी सर्वांत गोल दिसतात. तारा त्या जागी ठेवा आणि मुख्य आरशाच्या स्क्रूंनी त्याला मध्यात ओढा. एका फेरीत होत नाही, दोन-तीन लागतात. स्क्रू दर वेळी वळशाच्या आठव्या भागापेक्षा जास्त फिरवू नका. कुठला स्क्रू ते कळत नसेल तर नळीच्या तोंडाशी बोट धरा. बोटाची सावली चकतीत दिसते. बोट कडेने फिरवत चकतीच्या बिघडलेल्या बाजूला न्या, त्या बाजूचा किंवा अगदी समोरचा स्क्रू तुमचा.

चकती गोल न दिसता तिकोनी दिसली तर जुळवणीला दोष देऊ नका. मुख्य आरशाच्या क्लिपा घट्ट बसल्यात. क्लिप आणि काच यांच्यात एक कागद सरकला पाहिजे.

याच चकतीत आणखी एक गोष्ट दिसते. दुर्बीण घरातून बाहेर आणल्या-आणल्या बघा. चकतीच्या एका बाजूने वाफेसारखे पट्टे संथपणे वर सरकताना दिसतील. ती आरशाची ऊब. आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असेपर्यंत ग्रह उकळतच राहणार, कितीही पॉवर लावा. १३० मिमीला अर्धा ते पाऊण तास द्या. पट्टे सरकण्याऐवजी सगळी चकती एकसारखी झरझर वाहत असेल तर दोष वरच्या हवेचा आहे. त्या रात्री ग्रह सोडून तारकागुच्छ बघा.

शनी क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली असताना बघू नका. दिवसभर तापलेल्या काँक्रीटच्या गच्चीवरून किंवा शेजारच्या छपरावरून नजर जात असेल तर रात्री उशिरापर्यंत थांबा. गंमत म्हणजे तारे लुकलुकत नाहीत अशी किंचित धुरकट, वारा नसलेली रात्र ग्रहांना फार चांगली असते, आणि वारा सुटल्यानंतरची काचेसारखी स्वच्छ रात्र बहुतेकदा वाईट. शहरातल्या दिव्यांचा ग्रहांवर फरक पडत नाही, त्यासाठी लांब जायची गरज नाही.

आणि कॅसिनीची फट (शनीच्या कड्यांमधली काळी रेघ) दिसत नाही म्हणून दुर्बिणीला शिव्या देऊ नका. २०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी पृथ्वीच्या बाजूने बरोबर कडेवर आली होती. त्यानंतरची काही वर्षं ती अरुंदच असणार, हळूहळू उघडतील आणि २०३२ च्या आसपास सर्वांत जास्त उघडी असतील. कडी पट्टीसारखी दिसत असतील तर तो तुमचा दोष नाही आणि आयपीसचाही नाही.

आता रिफ्रॅक्टर. तुम्हाला सुचवला गेलाय तो ९० मिमीचा ॲक्रोमॅट, म्हणजे दोन भिंगं जोडलेला साधा रिफ्रॅक्टर. १३० मिमी आरसा त्याच्या दुपटीहून थोडा जास्त प्रकाश गोळा करतो. दुय्यम आरशाची सावली वजा केली तरी बराच पुढे राहतो. ॲक्रोमॅटमध्ये तेजस्वी वस्तूभोवती जांभळी कड येते ती वेगळीच. हर्शेलने १७८१ मध्ये युरेनस शोधला तो ६.२ इंची आरशाच्या न्यूटोनियन दुर्बिणीने, आणि तो आरसा काचेचा नव्हे, धातूचा होता, जो काळवंडला की पुन्हा घासून चकाकवावा लागायचा. त्याला कटकट म्हणावं. तीन स्क्रू फिरवण्याला नाही.

बरं, रिफ्रॅक्टरच्या बाजूनेही बोललं पाहिजे: तो लवकर थंड होतो, जुळवणी सहसा हलत नाही, आणि गच्चीवर पटकन दहा मिनिटं चंद्र बघायचा असेल तर तोच बरा. रोज तेवढाच वेळ मिळत असेल तर माझं वरचं सगळं भांडण बाजूला ठेवा.

एक-दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. काही १३० मिमी दुर्बिणींचा आरसा परवलयी (पॅराबोलिक) नसून गोलीय असतो. एफ/५ ला गोलीय आरसा कितीही जुळवला तरी ग्रहांवर पूर्ण तीक्ष्ण होत नाही. माहितीपत्रकात 'पॅराबोलिक' लिहिलंय का बघा. ताऱ्यावरही तपासता येतं: फोकसच्या आत आणि बाहेर चकती साधारण सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला कडी ठळक आणि दुसऱ्या बाजूला नुसता लोकरीचा गोळा असं असेल तर आरसाच तसा आहे. तसं निघालं तर ६५ ते ८० पटींवर समाधान माना, किंवा दुर्बीण बदलायचीच तर १५० मिमी एफ/८ डोब्सोनियन (साध्या फिरत्या पेटीवर बसवलेली न्यूटोनियन) घ्या, रिफ्रॅक्टर नव्हे.

दुसरं, पायांचं. फोकस करताना ग्रह नाचत असेल तर नळीला टिचकी मारून बघा. कंप दोन सेकंदांत थांबला नाही तर ट्रायपॉडचे पाय पूर्ण आत घ्या, खुर्चीवर बसून बघा आणि मधल्या ट्रेवर वजन ठेवा. ६५ पटींतला धूसरपणा कित्येकदा निव्वळ थरथर असते.

लेझरचं राहिलं. स्वस्त लेझर स्वतःच वाकडा असतो. फोकसरमध्ये ठेवून गोल फिरवा, आरशावरचा ठिपका एका जागी न राहता वर्तुळ काढू लागला तर तो लेझर तुमची जुळवणी बिघडवणार. डबीचं भोक मध्यावर असेल तर ती असं काही करत नाही.

आयपीसचं म्हणाल तर, ताऱ्यावरची कडी एककेंद्री झाल्यावर आणि आरसा थंड असताना शनी १० मिमीत कडक दिसू लागला की ६ मिमीची घ्या, १०८ पट. २x बार्लो असेल तर १० मिमीसोबत १३० पट तसेच मिळतात, मग ६ चीही घाई नाही. ४ मिमी वर्षातल्या मोजक्या रात्री उपयोगी पडते. आणि सोबत आयपीसला लावायचा काळा सूर्य-फिल्टर आला असेल तर तो आजच फोडून टाका, उन्हाने तडकतो आणि डोळा जातो. सूर्य बघायचा तर फिल्टर नळीच्या तोंडावर, पूर्ण व्यासाचा.