तो पीत नाही, आणि मला द्राक्षमळ्यांत जायचंय

पत्र: ताई, आमच्या लग्नाला १५ वर्षं होतील. त्यानिमित्त वाइनच्या प्रदेशातलं एक डागडुजी केलेलं जुनं दगडी घर ३ रात्रींसाठी ठरवलंय. थोडे पैसे भरलेत, नवऱ्याला मात्र अजून सांगितलेलं नाही. मागे अशाच भागात गेलो होतो, तेव्हा मी दिवसाला चार-चार वायनऱ्या लावल्या. तो पीत नाही, म्हणून गाडी त्याच्याकडे. दुसऱ्या संध्याकाळी म्हणाला, “मी तुझा ड्रायव्हर म्हणून आलोय का?” मग परत येईपर्यंत अबोला. एरवी जुनी घरं, लाकूडकाम म्हटलं की तो रमतो. या वेळी तसं होऊ नये म्हणून काय करू?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. त्याला जुन्या घरांचा नाद आहे. मग घर नुसतं रात्री टेकायला कशाला ठेवता? तीन दिवसांचा मुख्य कार्यक्रम घरच असू द्या. वायनऱ्या हव्याच, पण त्या सकाळपुरत्या.

आधी ते गुपित फोडा. नवऱ्याच्या कानावर ‘वाइन’ पडलं की त्याला आठवणार ते स्टीअरिंग, आणि ऐनवेळी कळलं तर जास्तच. घराचे फोटो त्याच्यासमोर ठेवा आणि सरळ सांगा, “मागच्या वेळी तुला दिवसभर गाडीत बसवलं, ते चुकलं. हे घर बघ. आवडलं तर जाऊ.” त्याला नको असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

आता मागच्या वेळचा हिशोब. एका टेस्टिंगमध्ये, म्हणजे चव घेण्याच्या फेरीत, साधारण ५ वाइन असतात, प्रत्येकी ३० ते ५० मिली. म्हणजे एका ठिकाणी १५० ते २५० मिली. चार ठिकाणी ६०० ते १००० मिली, म्हणजे पाऊण बाटलीच्या वर, कधी सव्वा बाटलीहूनही जास्त. संध्याकाळी तुम्ही पेंगुळलेल्या आणि तो पूर्ण जागा, दिवसभर गाडी चालवून वैतागलेला. भांडण व्हायला एवढं पुरेसं आहे.

म्हणून दिवसाला एकच वायनरी. मोह आवरत नसेल तर दोन, त्यापलीकडे नाही. वेळ ११ च्या सुमाराची घ्या, तेव्हा जीभ ताजी असते. त्या दिवशी अत्तर लावू नका, वाइनचा वास कळत नाही. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि जाणकार ते बिनदिक्कत वापरतात, तुम्हीही वापरा. एक वायनरी घरापासून चालत जाण्याजोगी निवडा. दुसऱ्या दिवसासाठी चालकासह गाडी सांगा. स्टीअरिंग त्याच्या हातात एकदाही द्यायचं नाही, ही अट स्वतःला घाला.

तो टेबलाशी नुसता बसून राहील असंही करू नका. बुकिंग करताना तळघर आणि पिंपं दाखवाल का, असं विचारा. ओकची पिंपं हे अव्वल लाकूडकाम आहे. फळ्या आगीवर तापवून वाकवतात आणि लोखंडी कड्यांनी आवळतात. फळ्यांच्या सांध्यांत ना डिंक, ना खिळा, तरी थेंब गळत नाही. फ्रान्सच्या बोर्दो भागातलं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं, बर्गंडी भागातलं २२८ चं. त्याला विचारायला इथे भरपूर सापडेल. बिनअल्कोहोल वाइन मागवणार असाल तर लेबल वाचा. पुष्कळ देशांत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलं तरी तसं लिहिता येतं. तो अजिबात घेत नसेल तर द्राक्षरस बरा.

आता घराकडे. पोचल्यावर सामान लावायची घाई करू नका, त्याला आधी घर फिरू द्या आणि तुम्हीही बरोबर फिरा. तुळया आणि छपराच्या कैच्या (छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे) यांचे सांधे टॉर्चने बघा. सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचे, मग सुटा करून वर चढवायचे. कोणता तुकडा कुठे बसतो ते चुकू नये म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीने एकसारखी खूण करत, बहुतेकदा रोमन आकड्यांसारखी. तुळईवर उथळ, ओबडधोबड खाचा असतील तर ती हाताने तासलेली. सरळ, समांतर रेघा असतील तर करवतीची. खिडकीची काच लाटांसारखी दिसली तर ती बहुधा जुन्या पद्धतीने केलेली. काच वर्षानुवर्षं खाली ओघळते म्हणून अशी दिसते हा गैरसमज आहे. दगडांमधले सांधे चुन्याने भरलेत की सिमेंटने, तेही त्याला तपासू द्या. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं आणि मग दगड झिजू लागतो. दुरुस्ती मनापासून झाली की नुसती रंगरंगोटी, ते इथे कळतं. ही एक दुपार तो बोलेल आणि तुम्ही ऐकाल. तुमच्या पत्राला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

अशी घरं फोटोत जितकी गोड दिसतात तितकीच राहायला हट्टी असतात. उरलेली रक्कम भरण्याआधी मालकाला काही गोष्टी लेखी विचारा. दगडी भिंत ५०-६० सेंटिमीटर जाड असेल, तर थंडीत ती तापायला दिवस जातो. तेव्हा तुम्ही येण्याच्या आदल्या दिवसापासून हीटिंग चालू ठेवतील का? नाहीतर पहिली रात्र दमट पांघरुणात कुडकुडण्यात जाते आणि चिडचिड तिथूनच सुरू होते. पलंग किती रुंद? माडीवर अरुंद जिना असेल तर वर बऱ्याचदा १३५ सेंटिमीटरचाच पलंग चढलेला असतो, दोघांना दाटीवाटीचा. दाराची उंची किती? नवरा उंच असेल तर चौकट कपाळाशी येते.

गरम पाण्याची टाकी केवढी, हेही विचारा. फोटोतल्या त्या सुंदर टबात १५० लिटर पाणी लागतं. टाकीत ६० अंशांचं १२० लिटर असेल आणि थंड पाणी १० अंशांचं, तर ४० अंशांच्या एका आंघोळीला त्यातलं ९० लिटर संपतं. दुसऱ्याला तासभर तरी थांबावं लागतं. टब एकाने संध्याकाळी, दुसऱ्याने सकाळी वापरावा.

आणि शांतता. द्राक्षमळे शांत असतात हा समज वर्षभर खरा नसतो. तोडणी उत्तर गोलार्धात साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिणेत फेब्रुवारी ते एप्रिल. फळ थंड राहावं म्हणून यंत्रं अनेकदा रात्रीच चालतात. फळं पिकत आली की पक्षी उडवायला पहाटेपासून गॅसच्या तोफा वाजतात. वसंतात दव गोठायची भीती असेल त्या पहाटे काही मळ्यांत मोठे पंखे घरघरत राहतात. पण सगळ्यांत वाईट म्हणजे शनिवारचं लग्न. मळ्यांची आवारं समारंभांना भाड्याने देतात, आणि ढोल-गिटार तुमच्या खिडकीखाली. माझ्या मते तोडणी आटोपल्यानंतरचे, पानं पिवळी-तांबडी होण्याचे आठवडे निवडावेत, तेही मधल्या वारी.

लाकडाची शेगडी असेल तर ती पेटवायचं काम त्याच्याकडे द्या, आवडेल त्याला. हवेची झडप पूर्ण उघडायची. तळाला दोन चिरलेले ओंडके थोडं अंतर ठेवून, त्यावर आडव्या-उभ्या ७-८ बारीक काटक्या, आणि आग वरून लावायची. तसं केलं की धूर कमी होतो. धुरांडं गार असेल तर त्यातली थंड हवा धूर परत खोलीत ढकलते. अशा वेळी आधी पेटता कागद धुरांड्याच्या तोंडाशी धरून ते गरम करा. लाकूड चरचरलं, टोकांतून पाणी सुटलं, तर ते ओलं आहे, मालकाकडून दुसरं मागा. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर शेगडी पेटवूच नका. निखारे धुमसत असताना झडप बंद करून झोपू नका.

पहिल्या संध्याकाळी बाहेर जेवायचं ठरवू नका. वाटेत साधं काहीतरी घ्या आणि घरातच बसा. पांढरी वाइन फ्रिजमधून २० मिनिटं आधी बाहेर काढा, फार गार असली की चव दबते. तुमचा एक पेला, त्याला हवं ते. दुसऱ्या दिवशीचं काहीही त्या रात्री ठरवू नका.

मालकाला आजच लिहा. शनिवारचं लग्न आणि आदल्या दिवसापासूनचं हीटिंग, या दोन प्रश्नांची स्पष्ट उत्तरं आल्याशिवाय उरलेले पैसे भरू नका. आणि त्याआधी, आज जेवताना, नवऱ्याला ते फोटो दाखवा.