पुणे विद्यापीठाच्या बी.ई. मेकॅनिकलला टोरांटोत किती किंमत आहे?

पदवीला कागदोपत्री पूर्ण मान आहे, पण नोकरी देणारा आधी अनुभव कुठला ते बघतो आणि भारतातला अनुभव सुरुवातीला कमीच धरतो. पीआरसाठी (कॅनडात कायम राहण्याच्या परवान्यासाठी) परदेशी पदव्या तपासणारी ‘वेस’सारखी संस्था चार वर्षांची बी.ई. साधारणपणे तिथल्या बॅचलर पदवीच्या बरोबरीची ठरवते. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मात्र विद्यापीठाकडूनच थेट जावी लागते. तुम्ही घरून पाठवलेली झेरॉक्स चालत नाही, म्हणून त्याचा अर्ज आजच करा. ‘वेस’चा हा तपासणी अहवाल इमिग्रेशनसाठी ५ वर्षं चालतो, पण तो कामाचा परवाना नव्हे. बरेच जण इथेच फसतात. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत नावापुढे ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ हे बिरुद लावायला पीईओचं, म्हणजे तिथल्या इंजिनिअरांच्या नियामक संस्थेचं, लायसन्स लागतं: त्याच्या अटींत येतात ४८ महिन्यांचा अनुभव आणि कायदा-नीतिमत्तेची परीक्षा. त्यातला किमान एक वर्षाचा अनुभव कॅनडातला हवा, ही अट २०२३ मध्ये गेली, हे फार चांगलं झालं.

अनुभवाबद्दल मी म्हणतो त्याला आधार आहे. टोरांटो विद्यापीठाचे फिलिप ओरिओपोलस यांनी हजारो काल्पनिक रेझ्युमे कंपन्यांना पाठवून २०११ मध्ये निष्कर्ष छापले. पात्रता सारखी असूनही भारतीय नावांना इंग्रजी नावांपेक्षा कमी फोन आले, आणि कॅनडातला अनुभव जोडला की फोन वाढले. हा सरळ अन्याय आहे, पण पहिली नोकरी थोडी खालच्या पदाची असली तरी म्हणूनच घ्या.

डॉक्टर, नर्स यांचं गणित वेगळं आहे; त्यांना हे उत्तर लागू नाही.