नकाशा काढून विहिरीला पाणी येतं का?

प्रश्न: नमस्कार ताई, आमचं गाव पारनेर तालुक्यात. माझी विहीर जानेवारीतच आटते, तीन बोअर मारली, नुसता फुफाटा उडाला, आणि बांधाला लागून शेजाऱ्याच्या विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी असतं. ग्रामपंचायत आता भूजलाचा नकाशा करायचा म्हणते. त्याने काय होणार?

उत्तर: दादा, नकाशाने पाणी येत नाही हे खरंच, पण चौथ्या बोअरचे पैसे वाचू शकतात. तुमच्याकडे सगळा बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक, जवळपास आडवे. काळ्या पाषाणात भेगा असल्या तरच पाणी, नाहीतर कोरडा, आणि मांजऱ्या (बारीक छिद्रांचा, ठिपक्याठिपक्यांचा बेसाल्ट) किंवा झिजलेला मुरमाड थर असला की तिथे झरे लागतात. त्यामुळे शेजारी शेजारी दोन विहिरींचं नशीब वेगळं असू शकतं. म्हणून आधी प्रत्येक विहिरीत कुठला खडक किती फुटांवर आहे आणि झरा कुठून येतो ते लिहून काढा, विहिरीच्या भिंतीवर सगळं दिसतं.

आता खरी गोम. दोरी सोडून पाणी किती खोल ते मोजतात आणि तेवढ्यावरच थांबतात, ते पुरत नाही. समजा तुमची जमीन ६२० मीटर उंचीवर आणि पाणी ८ मीटर खाली, म्हणजे पातळी ६१२, खाली ओढ्याकडच्या एखाद्या विहिरीची जमीन ६०५ आणि पाणी ५ मीटरवर, म्हणजे ६००, तर मधे भेगांनी वाट दिली की पाणी तुमच्याकडून तिकडे सरकतंय. गावातल्या सगळ्या विहिरींचे असे आकडे नकाशावर मांडून सारख्या पातळीच्या रेषा काढल्या की पाणी कुठून कुठे जातं ते कळतं. मोबाईलवरच्या उंचीवर मात्र अजिबात विसंबू नका, काही मीटरचा फरक सहज पडतो आणि सगळं उलटं दिसतं, लेव्हल मशीन लावूनच उंची घ्या.

तो मांजऱ्या थर वरच्या अंगाला जिथे उघडा पडलाय तिथे पाणी मुरवायचं काम करा. अखंड पाषाणावर बंधारा बांधला तर पाणी साठेल, विहिरीत उतरणार नाही, आणि अशी कामं बघून मला फार वाईट वाटतं.

जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या ऑफिसात निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी असतात, त्या मागून घ्या. गावात निदान मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये मोजणी करा, आणि शेजाऱ्यांना पहिल्यापासून सोबत घ्या, त्यांच्या विहिरीचा आकडा नसेल तर तुमच्या आकड्याचा अर्थ लागणार नाही.