पाकिस्तानने यूट्यूब बंद केलं, तर ते जगभर कसं काय बंद पडलं?

२४ फेब्रुवारी २००८ची गोष्ट. सरकारचा आदेश फक्त पाकिस्तानपुरता होता. पण इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र नेटवर्क, आणि 'अमुक पत्ते (म्हणजे इंटरनेटवरची यंत्रं ओळखायचे आकडे) माझ्याकडे आहेत' हे ती एकमेकांना बीजीपी या प्रोटोकॉलने, म्हणजे ठरलेल्या नियमावलीने, कळवतात. कळवणारा खरं बोलतोय का, हे तपासायची सोय मूळ बीजीपीत नाहीच. सगळा कारभार विश्वासावर!

यूट्यूब तेव्हा २०८.६५.१५२.०/२२ हा १,०२४ पत्त्यांचा गट जाहीर करत होतं (तिरक्या रेषेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान). पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबकडे जाणारं ट्रॅफिक गिळून टाकण्यासाठी त्यातल्याच २५६ पत्त्यांचा, २०८.६५.१५३.०/२४ हा मार्ग जाहीर केला. तो देशातच राहायला हवा होता. पण त्यांना जगाशी जोडणाऱ्या हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने न गाळता पुढे ढकलला. ट्रॅफिक कुठल्या वाटेने पाठवायचं हे ठरवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे राउटरचा, नियम साधा आहे: दोन मार्ग जुळले तर जास्त नेमका, म्हणजे लहान गटाचा मार्ग निवडायचा. झालं, जगभरातलं यूट्यूबचं ट्रॅफिक पाकिस्तानकडे वळलं.

मला यातला गमतीचा भाग वाटतो तो यूट्यूबच्या उत्तराचा. सुमारे ८० मिनिटांनी त्यांनीही /२४ जाहीर केला. पण आता दोन्ही गट सारखेच, म्हणून जवळचा मार्ग जिंकणार. मग त्यांनी १२८-१२८ पत्त्यांचे दोन /२५ जाहीर केले. तेही सगळीकडे पोचले नाहीत, कारण /२४पेक्षा लहान गट बरीच नेटवर्क घेतच नाहीत. शेवटी पीसीसीडब्ल्यूने तो मार्ग मागे घेतला तेव्हा गाडी रुळावर आली.

आता आरपीकेआय या डिजिटल प्रमाणपत्रांच्या व्यवस्थेमुळे मार्ग जाहीर करणाऱ्याचा हक्क सहीनिशी तपासता येतो, अर्थात ज्यांनी ते लावलंय त्यांनाच.