पायथॉनमधून दुसरा प्रोग्रॅम चालवतो, लहान फाइलला चालतो, मोठ्या फाइलला मध्येच अडकतो. आउटपुट आणि एरर नीट कसे हाताळायचे?

या प्रश्नाला आधीच एक उत्तर आलंय: ‘स्टँडर्ड एरर डेव्ह-नलला पाठवा, अडकणं थांबेल.’ (स्टँडर्ड एरर म्हणजे प्रोग्रॅमची तक्रारी लिहायची वाट, डेव्ह-नल म्हणजे जे येईल ते गिळून टाकणारी जागा.) त्या एका वाक्यामुळे मी लिहायला बसलो, नाहीतर वाचून पुढे गेलो असतो. मोबाइलवरून लिहितोय, त्यामुळे कोड टाकत नाही. तुम्ही सबप्रोसेस, पोपेन (दुसरा प्रोग्रॅम चालवायची पायथॉनची सोय) आणि पाइपपर्यंत पोचलेले दिसताय, म्हणजे नावं देवनागरीत असली तरी कळतील.

आधी अडकण्याचं कारण सांगून टाकतो. तुम्ही आउटपुट आणि एरर दोन्हींना पाइप लावलाय आणि मग वेट म्हणून, म्हणजे तो प्रोग्रॅम संपायची वाट बघत, बसलाय. पाइप म्हणजे कर्नलमधली, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, टाकी. लिनक्सवर ती साधारणपणे ६४ किलोबाइटची असते, म्हणजे ६५,५३६ बाइट. चाइल्ड प्रोसेस, म्हणजे तुम्ही चालवलेला तो दुसरा प्रोग्रॅम, त्यात ओतते आणि तुम्ही उपसत नाही. टाकी काठोकाठ भरली की चाइल्डचा राइट तिथल्या तिथे थांबतो. राइट थांबला म्हणून ती संपत नाही, आणि ती संपत नाही म्हणून तुमचा वेट सुटत नाही. लहान फाइलला चाइल्डची बडबड ६४ किलोबाइटच्या आत आटोपते, म्हणून तिथे सगळं छान चालतं. पायथॉनच्या अधिकृत माहितीत वेटच्या खालीच हा इशारा छापलेला आहे. मी तो अडकल्यावर वाचला, तुम्हीही बहुतेक तसंच कराल.

आता माझं ऐका.

२०१७ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावातल्या एका फोटो स्टुडिओचं काम माझ्याकडे आलं. स्टुडिओवाल्या काकांकडे लग्नांच्या मिनी-डीव्ही टेपांचं अख्खं कपाट होतं. कोकणातल्या पावसात टेपा किती टिकतात ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, आणि लोक यायला लागले होते की आमचं लग्न पेनड्राइव्हवर द्या. टेप कॅमेऱ्यात घालायची, फायरवायरने संगणकात घ्यायची. तासाच्या टेपला बरोबर तासच लागतो, ती पळवता येत नाही. एका तासाची फाइल १३ जीबीच्या आसपास. मग एफएफएमपेगने (व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात करणारा प्रोग्रॅम) तिची एमपी-फोर करायची. हे एकामागून एक आपोआप व्हावं म्हणून मी पायथॉनची स्क्रिप्ट लिहिली. चाचणीला एका बारशाची तीन मिनिटांची क्लिप घेतली होती. चालली. मी खूश.

पहिल्याच लग्नाला अडकली. दुसऱ्याला अडकली. काकांनी पडद्यावर बघून निष्कर्ष काढला, ‘अरे, हे मंगलाष्टकांना अडकतंय.’ आणि खरंच, तयार झालेली अर्धवट फाइल कुठवर आलीय ते टेपवर ताडून बघितलं तर अंतरपाटाच्या आसपासच यायची. काकांनी तिथल्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांना विचारलं, सर म्हणाले रॅम कमी पडतेय. चारची आठ जीबी केली. पैसे गेले, मंगलाष्टकं तिथेच राहिली.

मी तीच टेप माझ्या लॅपटॉपवर लावली. लॅपटॉप बरा होता. तिथे ती मंगलाष्टकं ओलांडून थेट पंगतीपर्यंत गेली आणि मग अडकली. एकच टेप, एकच स्क्रिप्ट, दोन मशीन, दोन वेगळ्या जागा. तेव्हा घड्याळ लावून बघितलं. दोन्हीकडे सुरू केल्यापासून पाच-साडेपाच मिनिटांनी अडकत होतं.

म्हणजे दोष टेपेत नव्हताच. एफएफएमपेग काम चालू असताना ‘फ्रेम इतकी, वेग इतका, साइज इतका’ अशी ओळ सेकंदाला दोनदा लिहितो, आणि ती स्टँडर्ड एररवर लिहितो. ओळ शंभरेक अक्षरांची. ६४ किलोबाइटमधून सुरुवातीचा दोन-तीन किलोबाइटचा मजकूर वजा करून या वेगाने भागाकार करा, पाच मिनिटांच्या थोडं वर येतं. अडकलेल्या प्रोसेसला एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतोय ते दाखवणारं साधन) लावला तर पडद्यावर एकच अर्धी ओळ आली: राइट, कंसात २, पुढे फ्रेमचा आकडा, आणि शांतता. २ म्हणजे स्टँडर्ड एरर. इतका आनंद मला डिप्लोमाच्या निकालालाही झाला नव्हता.

दुरुस्ती करणार तोवर गणपती आले. कोकणात गणपतीत कोणी कोणाचं काम करत नाही, मीही घरी होतो. काकांचा भाचा पुण्याहून आला होता, आयटीत आहे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याने स्क्रिप्ट उघडली, पाइप या शब्दाच्या जागी डेव्ह-नल लिहिलं आणि रात्री सोळा फाइली लावून दिल्या. सकाळी सोळाच्या सोळा झालेल्या! काका मला फोनवर म्हणाले, ‘एका शब्दाचं काम होतं रे, तू महिना काढलास.’ मागून भाच्याचं हसणं ऐकू आलं. मी काही बोललो नाही.

दहा-बारा दिवसांनी गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले.

झालं होतं असं. एमपी-फोर फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर जात होत्या आणि ती डिस्क सात फाइलींनंतर भरली. आठवी अर्धवट झाली, पुढच्या आठ शून्य बाइटच्या. एफएफएमपेगने प्रत्येक वेळी इमानदारीत सांगितलं असणार, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. नऊ वेळा सांगितलं, नऊही वेळा डेव्ह-नलला. आणि माझी स्क्रिप्ट प्रत्येक फाइल ‘झाल्यावर’ मूळ १३ जीबीची डीव्ही फाइल खोडत होती, कारण आतल्या डिस्कवर जागा नको का. काकांनी फोल्डरमध्ये आयकॉन मोजले, सोळा भरले.

आठ टेपा स्टुडिओतच होत्या, त्या पुन्हा लावल्या, आठ तास बसलो. अर्धवट राहिलेल्या त्या आठव्या फाइलीचा मात्र घोळ झाला. ती एक जीबीच्या वर होती, दिसायला अगदी निरोगी. पण एमपी-फोरची अनुक्रमणिका एरवी सगळ्यात शेवटी लिहिली जाते. डिस्क भरल्यामुळे ती लिहिलीच गेली नाही, आणि तिच्याशिवाय प्लेअरला आत काय आहे ते कळत नाही. काकांनी आकार बघून त्या घरच्यांना टेप परत दिली होती. टेप त्यांच्या माळ्यावर गेली. पुन्हा मागवली तेव्हा तिला बुरशी लागलेली, पुसून-बिसून पहिली वीस मिनिटं आली, पुढे नुसत्या रेघा. अशी एमपी-फोर कधीकधी दुरुस्त करता येते, पण काकांनी ती ‘खराब आहे’ म्हणून आधीच खोडून टाकली होती. त्या लोकांना नवरीच्या आजीचा उखाणा हवा होता. तो पंगतीत होता.

बोलणी मी खाल्ली, स्क्रिप्ट माझी ना.

भाच्याचं म्हणणं आजही तेच आहे: ‘तुझी स्क्रिप्ट अडकत होती, मी अडकणं थांबवलं. डिस्क भरली त्याला मी काय करू?’ दरवर्षी गणपतीत हा विषय निघतो. आणि वरचं उत्तर वाचून मला वाटलं, हा भाचाच दुसऱ्या नावाने लिहितोय की काय.

स्टँडर्ड एरर हे वेगळं नळकांडं कशासाठी काढलं, हे या लोकांना माहीत नसतं. युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजात, पाइप केन थॉम्प्सनने १९७३ साली घातले, त्याचा सहकारी डग मॅकिलरॉय त्याच्या आधी कित्येक वर्षं पाइप हवेत म्हणून मागे लागला होता. तेव्हा एररला स्वतंत्र वाट नव्हती. युनिक्स जिथे झालं त्या बेल लॅब्जमध्ये फोटोटाइपसेटरवर (छपाईचा मजकूर फोटोच्या कागदावर उमटवणारं यंत्र) मजकूर जुळवायला द्यायचे, आणि खूप वाट बघून हातात यायचा तो सुबक टाइपात जुळवलेला एररचा संदेश! फाइल सापडली नाही, एवढंच, पण काय सुंदर छपाई. त्यानंतर स्टँडर्ड एरर वेगळं झालं. म्हणजे माल एका वाटेने जावा आणि तक्रार माणसापर्यंत दुसऱ्या वाटेने पोचावी, यासाठी ती सोय आहे. एफएफएमपेग साधी प्रगतीही तिथेच लिहितो, कारण पहिल्या वाटेने, म्हणजे स्टँडर्ड आउटपुटने, कधीकधी व्हिडिओ स्वतः जात असतो. ‘एरर’ या नावावर जाऊ नका, ती बोलण्याची वाट आहे. तुम्ही तीच बुजवता आणि वर म्हणता प्रॉब्लेम सॉल्व्ह.

मग करायचं काय? मी करतो ते सांगतो. प्रत्येक कामाला एक लॉग फाइल उघडतो आणि स्टँडर्ड एरर सरळ त्या फाइलला जोडतो. फाइल ही टाकी नाही, ६४ किलोबाइटला भरत नाही, त्यामुळे अडकणं संपलं आणि तक्रारही शाबूत. सोबत एफएफएमपेगला नो-स्टॅट्स (प्रगतीची ओळ बंद) द्यायचं आणि लॉग-लेव्हल एररवर ठेवायची, म्हणजे लॉगमध्ये कामाचंच उरतं. आउटपुट थोडं असेल आणि शेवटी एकदम मिळालं तर चालणार असेल, तर वेट सोडा, सबप्रोसेसमधलंच कम्युनिकेट किंवा रन वापरा. ते दोन्ही पाइप एकाच वेळी उपसतात. पण सगळं मेमरीत साठवतात, जीबीभर आउटपुट असेल तर तिथे जाऊ नका.

ओळ आली की लगेच दाखवायची असेल, तर एरर आउटपुटमध्येच मिसळा (स्टँडर्ड एररला स्टँडर्ड-आउट द्यायचं) आणि एकच पाइप ओळीओळीने वाचा. दोन पाइप आळीपाळीने वाचायला गेलात तर एकावर वाट बघताना दुसरा भरतो, पुन्हा तेच. वेगळेच हवे असतील तर प्रत्येकाला एक थ्रेड, म्हणजे दोन्हींचं वाचन एकाच वेळी चालू राहतं. एफएफएमपेगची प्रगतीची ओळ नव्या ओळीने संपत नाही, कर्सर मागे नेणाऱ्या अक्षराने संपते. पायथॉन टेक्स्ट मोडमध्ये असेल तर त्यालाही ओळीचा शेवट मानतो, बाइट मोडमध्ये नाही. आणि पाइप मोकळा असूनही ओळी थांबून थांबून, घोळक्याने येत असतील तर तो तुमचा दोष नाही. समोर टर्मिनल नाही हे बघून चाइल्डच आपलं आउटपुट साठवून ठेवते. हे साठवणं बंद करायला, चाइल्ड पायथॉन असेल तर डॅश-यू हा पर्याय द्या, सी मधला साधा प्रोग्रॅम असेल तर एसटीडी-बफ ही आज्ञा लावून बघा.

इनपुटचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी: एफएफएमपेग कीबोर्ड ऐकत असतो, क्यू दाबलं की थांबतो. शेलच्या (टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लूपमध्ये फाइलींची यादी वाचत असाल तर तो यादीतलीच अक्षरं गिळतो आणि पुढच्या फाइलीचं नाव मुंडकं छाटून येतं. त्याला नो-एसटीडी-इन हा पर्याय द्या, म्हणजे तो इनपुट वाचत नाही. डेव्ह-नल वापरायचं तर इनपुटला वापरा, तिथे ते शोभतं.

शेल बरोबर ट्रू, म्हणजे आज्ञा शेलमार्फत चालवा, असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. आमच्या फाइलींची नावं ‘अमुक & तमुक’ अशी होती, लग्नंच ती. शेल त्या & चा अर्थ वेगळा लावतं: आधीचं बॅकग्राउंडला टाकतं आणि तमुक नावाची आज्ञा शोधायला निघतं. त्यावर १२७ येतो, आज्ञा सापडली नाही. आज्ञा आणि तिचे पर्याय यादीच्या रूपात द्या, म्हणजे नावात काहीही असू दे. शिवाय टाइमआउट लावून मारायला गेलात तर शेल मरतं आणि त्याच्या पोटातला खरा प्रोग्रॅम पाइप धरून तसाच चालू राहतो.

रिटर्न कोड, म्हणजे प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा, बघा. शून्य नसेल तर पुढची पायरी नाही. रनला चेक बरोबर ट्रू दिलंत तर पायथॉन स्वतःच एक्सेप्शन टाकतो. उणे ९ आलं तर कोणीतरी किल केलंय, बहुतेक मेमरी संपली म्हणून कर्नलने. तेच शेलमधून बघितलं तर १३७ दिसतं.

आणि इथे मला कबूल करायला हवं, कारण नाहीतर भाचा येऊन लिहील: स्टँडर्ड एरर डेव्ह-नलला असतानाही रिटर्न कोड शून्य नव्हताच. मी तो बघत नव्हतो. वेट कोड परत देतो आणि मी तो कुठल्या व्हेरिएबलमध्येसुद्धा घेतला नव्हता. तो बघितला असता तर पहिली फाइल बिघडल्यावरच स्क्रिप्ट थांबली असती आणि नऊ डीव्ही फाइली वाचल्या असत्या. तरी का बिघडली हे कळलं नसतंच, हे माझं म्हणणं मी सोडत नाही.

लॉगबद्दल एक राहिलं: ज्या डिस्कवर आउटपुट जातंय त्याच डिस्कवर लॉग ठेवू नका. ती भरली की ‘जागा नाही’ हे लिहायलाही जागा नसते. ६४ किलोबाइटचा आकडा लिनक्सचा आहे. विंडोजवर उणे कोडचा हिशोब लागू नाही, अडकण्याची तऱ्हा मात्र तीच.

तुमची स्क्रिप्ट काम झाल्यावर मूळ फाइल खोडते का, तेवढं आधी कळवा.