सही केली, तरी झोप नाही

‘काम नीट केलं, सही केली, तरी काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं.’ नर्स, कंपाउंडर, बँकेतले कॅशिअर, सगळ्यांकडून ही तक्रार माझ्याकडे समुपदेशनात येते. या वेळी ती लष्करातल्या ड्रोनच्या देखभालीवर असलेल्या एका हवालदारांची होती. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांच्याकडे हेरॉन नावाचं टेहळणीचं ड्रोन होतं. आत वैमानिक नसतो, पण पंखांचा पसारा साडेसोळा मीटर आणि शेपटीकडे रोटॅक्स कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन. ऑइल कसं बघतात ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. इग्निशन बंद करायचं, ऑइलच्या टाकीचं झाकण काढायचं, प्रॉपेलर हाताने सावकाश फिरवत राहायचं. टाकीत हवा येऊन गुडगुड ऐकू आली की मगच पट्टी बुडवून पातळी बघायची. हे करून, सही करून ते हँगरच्या दारापर्यंत जात आणि परत फिरत.

‘गुडगुड आजची ऐकली की कालची, तेच आठवत नाही मॅडम.’

घरी तेच गॅसच्या बटणाचं. मिसेस म्हणाल्या, ‘अहो, बटण झिजेल आता.’

‘आत माणूस नाही, मग एवढी धास्ती कशाला?’ असं सोबतचे म्हणत. मला ते पटलं नाही. ड्रोन पडलं तर खाली गस्तीवर असलेल्यांसाठी वरून बघणारे डोळेच जातात. धास्ती खरी होती, उपाय चुकत होता.

मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरचा गॅस लोकांना पुन:पुन्हा तपासायला लावला. काय तपासलं ते त्यांना बरोबर आठवत होतं. आठवणीवरचा भरवसा मात्र घसरला. हवालदारांना हे ऐकून हसू आलं. बहुधा पहिल्यांदाच.

सुरुवात गॅसपासून केली, विमानापासून मुद्दाम नाही. बटण एकदाच, मोठ्याने बोलून बंद करायचं आणि ओट्यापासून निघायचं. जीव कासावीस झाला तरी परत वळायचं नाही. थोड्या वेळाने ती घालमेल आपोआप ओसरते. ते जमल्यावर हँगर. तिथे नियमाला हात लावला नाही. मध्येच कोणी हाक मारली तर तीन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची, हे योग्यच. नट सैल झाला तर कळावं म्हणून त्यावर ओढलेली रंगाची रेघ सरळ आहे का, हे दुसऱ्याने बघायचं असेल तर दुसऱ्यानेच बघायचं. सहीनंतरची स्वतःची फेरी तेवढी बंद.

गॅस लवकर सुटला, हँगरला वेळ लागला. औषधाची गरज आहे का ते डॉक्टरांनी ठरवावं, असं माझं मत होतं, पण ‘कॅटेगरी पडेल’, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय तपासणीतली श्रेणी खाली येईल, ही त्यांची भीती. पडणार नाही, असं वचन मी देऊ शकत नव्हते, दिलंही नाही. न झोपता इंजिनाला हात लावणं जास्त धोक्याचं, एवढं सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते आरएमओंकडे, म्हणजे युनिटच्या डॉक्टरांकडे गेले, मिसेसना बरोबर घेऊन.