नवीन व्हर्जन आलं, जुनं कुठे गेलं?

या वेळेला जवळपास सगळे प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत, ब्राउझर अपडेट झाला आणि डोकं फिरलं. काही पत्रं एवढी तापलेली होती की छापताना निम्मी कापावी लागली. त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त ब्राउझर.

प्रश्न : मी फायरफॉक्स खूप वर्षं वापरतेय. भाच्याने लॅपटॉप फॉरमॅट करून नवीन व्हर्जन टाकून दिलं तर वरची फाइल-एडिट-व्ह्यूची ओळच नाही, टॅब सुटे सुटे बटणांसारखे दिसतात, आणि सगळं एवढं फुगलंय की पानाला जागाच उरत नाही. भाचा म्हणतो, मावशी सवय होईल. मला सवय करून घ्यायची नाहीये. जुनं परत आणता येईल का?
(एक निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर : ताई, ती ओळ कुठे गेली नाहीये, लपलीये. की-बोर्डवरचं आल्ट बटण एकदा दाबा, लगेच दिसेल. कायमची हवी असेल तर टॅबच्या शेजारी जी मोकळी जागा असते तिथे राइट क्लिक करा आणि मेनू बारवर टिक मारा. बुकमार्कची पट्टीही हवी असेल तर कंट्रोल शिफ्ट बी.

फुगलंय म्हणता ते खरंय. जून 2021 मध्ये 89 नंबरचं व्हर्जन आलं, प्रोटॉन नावाचं डिझाइन होतं ते, तेव्हापासून टॅब असे तरंगायला लागले आणि मधली जागा वाढली. त्याच वेळी मोझिला, म्हणजे फायरफॉक्स बनवणारी संस्था, 'कॉम्पॅक्ट' हा दाटीवाटीचा पर्याय काढूनच टाकणार होती, लोकांनी एवढी बोंब मारली की शेवटी ठेवला, पण लपवून. ॲड्रेस बारमध्ये अबाउट कॉन्फिग (मधे कोलन, सगळं इंग्रजीत) टाइप करा, एक इशारा येईल तो मान्य करा, शोधायच्या जागी कॉम्पॅक्टमोड एवढंच इंग्रजीत टाका, शेवटी 'शो' असलेली ओळ दिसेल, तिच्यावर डबल क्लिक करून ट्रू करा. मग कस्टमाइझ टूलबारमध्ये खाली डेन्सिटीच्या यादीत कॉम्पॅक्ट सापडेल. बाकी कुठल्याही ओळीला हात लावू नका.

टॅबचा आकार मात्र असा सहज बदलत नाही. त्यासाठी युझरक्रोम नावाची फाइल हाताने लिहितात लोक, पण ती अधूनमधून नव्या व्हर्जनमध्ये मोडते आणि मग पुन्हा भाच्याला फोन. नका त्या नादाला लागू.

प्रश्न : नवीन व्हर्जन आवडलं नाही म्हणून फायरफॉक्सचं जुनं व्हर्जन शोधून टाकलं. उघडलं तर कोरं करकरीत, बुकमार्क, पासवर्ड काहीच नाही!! दहा-बारा वर्षांचे बुकमार्क होते सर, काहीतरी करा.
(नाशिकहून एक वाचक)

उत्तर : आधी शांत व्हा, बहुतेक काहीच गेलेलं नाही. तुमचा सगळा डेटा प्रोफाइल नावाच्या फोल्डरमध्ये असतो, आणि नव्या व्हर्जनने एकदा वापरलेलं प्रोफाइल जुन्या व्हर्जनने उघडलं तर डेटा बिघडू शकतो, म्हणून 2019 मध्ये 67 व्या व्हर्जनपासून फायरफॉक्स तसं करूच देत नाही. जुनं व्हर्जन सरळ नवं रिकामं प्रोफाइल बनवायला लावतं. त्याची एक खिडकी आली असणार, आणि आपण सगळे करतो तसं तुम्ही न वाचता ओके केलं असणार.

आता नवीन व्हर्जन पुन्हा टाका, मोझिलाच्याच साइटवरून, त्या अमुक-तमुक डाउनलोडवाल्यांकडून नाही. तरी कोरंच दिसलं तर ॲड्रेस बारमध्ये अबाउट प्रोफाइल्स टाका, तेही कोलन घालून इंग्रजीत. तिथे दोन किंवा जास्त प्रोफाइल दिसतील, आधीचं कुठलं ते बघून त्याच्याखालचं 'लाँच' दाबा, बुकमार्क दिसले की त्यालाच डिफॉल्ट करा. तिथेच शेजारी 'रिमूव्ह' पण असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. एवढं झालं की कंट्रोल शिफ्ट ओ ने बुकमार्कची खिडकी उघडून एचटीएमएल फाइल एक्सपोर्ट करा आणि पेनड्राइव्हवर ठेवा. फायरफॉक्स स्वतःहून बुकमार्कचा बॅकअप घेत असतो, पण तो त्याच प्रोफाइलमध्ये, म्हणजे लॅपटॉप गेला की तोही गेला.

प्रश्न : अपडेट बंदच करून टाकले तर?
(कोल्हापूर)

उत्तर : नको. सप्टेंबर 2023 मध्ये वेबपी प्रकारच्या फोटोंच्या कोडमध्ये एक भोक सापडलं, म्हणजे नुसता मुद्दाम बनवलेला फोटो पानावर दिसला तरी बाहेरच्याला तुमच्या मशीनमध्ये शिरायला वाव, आणि क्रोम, फायरफॉक्स दोघांनाही घाईघाईने दुरुस्ती सोडावी लागली. अपडेट बंद ठेवणाऱ्याला ती मिळालीच नसणार. रूप सारखं बदलत राहतं याचाच त्रास असेल तर फायरफॉक्सची ईएसआर नावाची आवृत्ती आहे, ऑफिस-कॉलेजसाठी काढलेली, तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमित येतात आणि मोठे बदल साधारण वर्षाने एकदाच.

प्रश्न : क्रोमने माझा ॲडब्लॉकर (जाहिराती अडवणारा) परस्पर बंद केला. मला विचारलं पण नाही. युब्लॉक ओरिजिन होता, आता 'सपोर्ट नाही' म्हणतो. मुलगा म्हणतो बाबा तुम्हाला कुठलाही बदल नकोच असतो. खरंच माझंच चुकतंय का?
(ठाण्याहून)

उत्तर : काका, तुमचं अजिबात चुकत नाहीये आणि मुलाला हे उत्तर वाचायला द्या. टॅब गोल झाला, बटण डावीकडून उजवीकडे गेलं, ही हाताची सवय आहे, आठवडाभर चिडचिड होते आणि मग विसरतो माणूस. पण काल जे काम होत होतं ते आज होत नाही, हे नुकसान आहे. नेटवर दोन्हींची एकच मिसळ होते, 'नवीन व्हर्जन बकवास' म्हणून, आणि मग कंपनीला सगळ्यांनाच कुरकुरे ठरवायला बरं पडतं.

झालंय असं की पूर्वी एक्स्टेन्शनला, म्हणजे ॲडब्लॉकरसारख्या ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामला, पानावरून जाणारी प्रत्येक मागणी बघून ती स्वतः थांबवता यायची. क्रोमच्या मॅनिफेस्ट व्ही3 या नव्या नियमांत एक्स्टेन्शनने काय अडवायचं याची फक्त यादी ब्राउझरच्या हातात द्यायची, अडवायचं काम ब्राउझर करणार. गूगल म्हणतं यात सुरक्षा आहे, वेग आहे, आणि कुठल्यातरी अनोळखी एक्स्टेन्शनला तुमची प्रत्येक हालचाल दिसू नये हा मुद्दा खोटाही नाही. पण जाहिरातींवर पैसा कमावणाऱ्या कंपनीने जाहिरात अडवणाऱ्याचेच हात बांधले, तर लोक बोलणारच ना.

क्रोमच वापरायचा असेल तर युब्लॉक ओरिजिन लाइट टाका, कमी ताकदीचा आहे पण रोजच्या कामाला पुरतो. नावाशी नाव जुळणारे भलतेच ब्लॉकर टाकू नका. पूर्ण युब्लॉक हवा असेल तर फायरफॉक्सवर तो चालतो. ब्रेव्ह नावाच्या ब्राउझरमध्ये ब्लॉकर आतच बसवलेला आहे. आणि फायरफॉक्सवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये, नोव्हेंबर 2017 च्या 57 व्या व्हर्जनमध्ये, क्वांटममध्ये, त्यांनीही जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन (एक्स्टेन्शनच) एका फटक्यात बंद केली होती. वेग जबरदस्त वाढला हे मान्य, पण कित्येक चांगली ॲड-ऑन कायमची गेली.

प्रश्न : एवढं ओरडून काही होतं का? की कंपन्या आपलंच खरं करतात?
(डोंबिवली)

उत्तर : होतं कधीकधी, आणि कशावर ओरडताय त्यावर बरंच असतं. सप्टेंबर 2018 मध्ये क्रोम 69 आला, दहाव्या वाढदिवसाचा नवा थाट. त्यात दोन गोष्टींवरून गदारोळ झाला. एक, पत्त्यातलं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू दिसेनासं झालं. दोन, जीमेल उघडलं की ब्राउझरसुद्धा आपोआप त्याच खात्यात साइन इन व्हायला लागला. यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले क्रिप्टोग्राफीचे प्राध्यापक मॅथ्यू ग्रीन यांनी, आपण क्रोम का सोडतोय, हे जाहीर लिहिलं. पुढच्याच व्हर्जनमध्ये साइन इन बंद करायचं बटण आलं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू पण परत आलं, पण 2019 मध्ये क्रोम 76 ने ते पुन्हा लपवलं!

ऑपेराची गोष्ट जास्त वाईट. 2013 च्या 15 व्या व्हर्जनमध्ये त्यांनी पान दाखवणारं स्वतःचं इंजिन टाकून क्रोमियम, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे तो पाया, घेतलं आणि त्या नादात बुकमार्कसुद्धा उडवले, म्हणजे ब्राउझर आहे आणि बुकमार्क नाहीत. ते परत यायला वर्षाच्या वर गेलं, तोपर्यंत जुने लोक पांगले. ऑपेराचेच एक संस्थापक, जॉन फॉन टेट्झनर, यांनी अशा नाराज लोकांसाठी विवाल्डी हा नवा ब्राउझर काढला. फायरफॉक्सने तर 2011 साली टॅब ग्रुप (टॅबचे गट करायची सोय) दिले, 2016 मध्ये फार कोणी वापरत नाही म्हणून काढले आणि लोक मागत राहिले म्हणून 2025 मध्ये परत आणले.

तक्रार करायची तर ती कंपनीपर्यंत जाऊ दे, व्हॉट्सॲप ग्रुपवर राहून उपयोग नाही. क्रोममध्ये आल्ट शिफ्ट आय दाबलं की फॉर्म उघडतो, फायरफॉक्सवाल्यांसाठी मोझिला कनेक्ट नावाची साइट आहे, तिथे इतरांच्या मागणीला मतही देता येतं. लिहिताना 'जुनं चांगलं होतं' एवढ्यावर थांबू नका. कुठलं काम करत होता, आधी किती क्लिकमध्ये व्हायचं, आता कुठे अडतं, व्हर्जन नंबर काय, आणि जमलं तर स्क्रीनशॉट. फक्त त्या स्क्रीनशॉटमध्ये बँकेचा टॅब उघडा नाही ना, ते पाठवायच्या आधी बघा.